ढवळी, कपिली आणि रुमीचं गवत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हाही हा विषय टाळते — त्याला काय, तो तर बघतच होता. तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापाशी मला थोरली काकू म्हणून मिरवायचं नाही.

निमित्त सुमनचं. सुमन म्हणजे शेजारी नव्याने राहायला आलेली सून. तिचा नवरा सुरतेहून गिनीपिगची जोडी आणणार आहे. नंदुरबारात गिनीपिग पाळलेली बाई एकच — मी. म्हणून परवा विचारायला आली, "काकू, घेऊ का नको?"

विचारलं ना, मग ऐक म्हटलं. एकटं आणायचं नाही, एकटं कुढतं. नर-मादी आणलीस तर वर्षाच्या आत आख्खी आळी पिलांनी भरेल, तेव्हा दोन माद्या आण. मांजर-मुंगसापासून जप. उचलताना दोन्ही हात लाव, एक छातीखाली, एक बुडाखाली. वैशाखात पेटीवर ओलं गोणपाट टाक, आपल्या उन्हाने ती पटकन मरतात. पाच-सहा वर्षं जगतात, म्हणजे पाच-सहा वर्षं तुझं माहेरपण त्यांना विचारून. आणि सगळ्यात मोठं — हिरवं. रोज हिरवं. चारा कोरडा कितीही घाल, हिरव्याशिवाय ती टिकत नाहीत. रोज हिरवं आणणार कोण, ते आधी ठरव आणि मग जोडी आण.

चोख सल्ला आहे. यातला एक शब्द कोणी खोडून दाखवावा. पण हे सगळं मला आलं कुठून?

माझं माहेर प्रकाशा गावचं. वडिलांच्या गोठ्यात बारा गुरं. गाय कशाने फुगली, वासरू का पीत नाही, हे मी लांबून सांगायची. लग्न होऊन नंदुरबारात आले, हे रेल्वेत कारकून, तरी आळीतली शेळी आजारली की लोक माझ्याच दारी. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

तेव्हा गोऱ्या साहेबांचं राज्य होतं. यांच्या साहेबाची मडम विलायतेला परत निघाली आणि जाताना दोन गिनीपिग मला देऊन गेली. सशाच्या पिलाएवढे जीव, शेपूट नाही, सदा घाबरलेले. आळीत त्यांना विलायती उंदीर म्हणायचे. मी त्यांची नावं ठेवली ढवळी आणि कपिली — आमच्या घरी गायींची असत तशी. मडम मोडक्यातोडक्या हिंदीत काहीतरी समजावत होती. मी मान हलवत होते. मला काय समजावतेस बाई? चार पायांचं, चारा खाणारं, म्हणजे ढोरच की! लहान ढोर, एवढंच.

आणि मी त्यांना गुरासारखंच ठेवलं. कडबा बारीक कुटून, सरकी भिजवून, वर चिमूटभर मीठ. आळी बघायला जमायची.

आमच्या आळीत रुमी गवत विकायला यायची. वरची, सातपुड्यातल्या काठी गावाकडची. गावाबाहेर झोपडीत राहायची, विहिरींच्या पाटाकडेची हराळी कापून भारा डोक्यावर आणायची. टांगेवाला, शेळ्यावाले, सगळे तिच्याकडूनच घ्यायचे. ती येता-जाता माझ्या गिनीपिगच्या पेटीपाशी उकिडवी बसे आणि मूठभर हराळी आत टाके. पैसे मागितले नाहीत कधी. उन्हात पेटी होती ती तिनेच सावलीत सरकवली. दोन हातांनी उचलायचं तिनेच दाखवलं. त्या दोघी तिची पावलं ओळखायच्या — ती दाराशी आली की चीं-चीं करून पेटी डोक्यावर घ्यायच्या. आणि मी गेले की? कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगाखाली.

मला राग यायचा. आता हसू येतं, पण यायचा. मालकीण मी का ती?

होळीला रुमी आपल्या गावी काठीला गेली. आठ-दहा दिवसांनी परतली, पेटीत वाकून बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं. ढवळी मागचा पाय ओढत होती. मागच्या दारी आम्ही दोघीच होतो. म्हणाली, "माय, यासले हिरवं दे. सुकं खाईसन मरी जातीन."

"तू माले शिकाडस का?" मी म्हटलं. "मन्हा बापना घर बारा ढोरं व्हतात. आजपाईन मन्ही पेटीजवळ येवानं नही."

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारावरून सरळ पुढे जायची. आणि मी? मला हिरवं घालता आलं असतं. हराळी काही सोन्याची नव्हती. पण घातलं तर रुमीचं खरं झालं असतं ना! म्हणून मी सरकी वाढवली. तीन आठवडे. ढवळीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ती बसल्या जागची हलेना, आणि चैत्रातल्या एका दुपारी ती गेली.

आळी जमली. "काकू, कशाने गेली?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला माहीत नाही असं मी आयुष्यात म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "गवतवालीच्या गवतात काहीतरी होतं."

हे एवढंच वाक्य. फार विचार करून बोलले असंही नाही.

टांगेवाल्याने दुसऱ्याच दिवशी तिचा भारा नाकारला. मग शेळ्यावाल्यांनी. काकूंनी सांगितलं म्हणजे झालं! चार दिवस ती भारा घेऊन आळीभर फिरली आणि तसाच परत नेला. पाचव्या दिवशी माझ्या पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली. ओट्याओट्यांवर बायका होत्या. भारा तिने खाली ठेवला नाही. भांडलीही नाही. म्हणाली, "माय, होळीपाईन तू त मन्हं गवत लिन्हंच नही."

बघा, खरं काय ते त्या आळीत दोघींनाच ठाऊक होतं. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"लिन्हं व्हतं," मी म्हटलं. "तूच दिन्हं व्हतं."

तिने भाऱ्यातली मूठभर हराळी उपसली, स्वतःच्या तोंडात घातली आणि सगळ्यांसमोर चावून गिळली. मग निघून गेली. कोणीतरी हसलं. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर ती आळीत आली नाही. झोपडी मोडून गुजरातेत मजुरीला गेली, असं कानावर आलं. सोबत कोण होतं, पोट कसं भरलं, मी चौकशी केली नाही.

अजून संपलं नाही. कपिलीही पाय ओढायला लागली होती. मी काय केलं असेल? पहाटे तांब्या घेऊन बाहेर पडायची आणि पाटाकडेची हराळी पदरात लपवून आणायची. रुमी कापायची तिथलीच. पंधरा दिवसांत कपिली पळायला लागली. म्हणजे खरं काय ते रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर खात होतं, उड्या मारत होतं. आळी म्हणायची, "काकूना हातले गुण शे." मी ते ऐकून घेतलं. कपिली आणखी पाच वर्षं जगली, पाच वर्षं ऐकून घेतलं.

दारात पावलं वाजली की ती कान टवकारायची, चीं-चीं करायची. मी आत आले की थांबायची.

परवा सुमनला सगळं सांगून झालं. पोरगी हुशार, डोळे मोठे करून ऐकत होती. उठता उठता म्हणाली, "काकू, हाई तुमले कोनी शिकाडं?"

दहा-बारा वर्षं होऊन गेली. साहेब गेले, मडम गेली, माझे केस पांढरे झाले. रुमीचं नाव घेतलं असतं तर आता माझं कोण काय वाकडं करणार होतं?

"माहेरमा," मी म्हटलं.

माहेरी मला यातलं काहीही कोणी शिकवलं नाही. रुमीने शिकवलं. तिच्या गवतात काही नव्हतं, आणि होळीनंतर ते मी घेतलंच नव्हतं.