दावलसाबच्या रिक्षात रसूलबी

दावलसाब नदाफ रिक्षा चालवतो म्हणजे नुसती रिक्षा नाही चालवत, तोंडही चालवतो. विजापूर स्टेशनात गाडी लागली की बाकीचे रिक्षावाले दारापर्यंत धावतात, पिशव्या ओढतात. हा आपला सीटवर एक पाय दुमडून बसलेला. उतरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो.

पाय बघूनच ठरवतो कुणाला कुठं न्यायचं. कॉलेजची पोरं असली, बूट घातलेली, तर आधी गोल घुमट, ऊन चढायच्या आत. तिथले जिने म्हणजे सात मजल्यांचे, अंधारे, चढताना गुडघा कपाळाला लागतो. टाचांना भेगा पडलेली म्हातारी असली तर तो म्हणणार, घुमट खालूनच बघा, वरचं मी सांगतो. आणि सांगायचा बरं का. वर जाऊन आलेल्यांना दिसलं नसेल एवढं सांगायचा. उन्हाळ्यात रिक्षाच्या टपावर ओलं पोतं टाकायचा, बायकामाणसांना आधी पाणी विचारायचा. तोंडाचा फाजील असला तरी माणूस तसा मायेचा.

पण त्याच्या गोष्टी! मुलुख मैदान तोफेपाशी सांगणार की तोफ डागली की गोलंदाजाला हौदात उडी मारायला लागायची, कान फुटू नयेत म्हणून. एवढं तर सगळेच सांगतात. हा पुढं जोडणार, की गोलंदाजाची बायको हौदाच्या काठावर कोरडे कपडे घेऊन उभी असायची, एकदा ती रुसून माहेरी गेली, गोलंदाजाला ओल्या कपड्यानं ताप भरला, म्हणून त्या वर्षीची लढाई हरली. ऐकणारे माना डोलवायचे. एक मास्तर तर वहीत लिहून घेऊन गेला.

गल्लीतल्या बायका त्याला म्हणायच्या, अरे किती खोटं बोलशील, वर जाऊन काय तोंड दाखवशील? तर हसायचा. "मेलेल्या राणीला मी दहा लेकरं दिली म्हणून तिला काय बाळंतपण करायला लागतंय, भाभी?"

आता त्याच्या घरातलं सांगायला पाहिजे. बायको मालनबी, आणि एकुलती एक मुलगी तबस्सुम. पोरगी गोरीबिरी नाही, पण तरतरीत, हाताला चटपटीत, शिवणकामात तर अशी की ब्लाउज एकदा शिवून दिला की उसवायचं नाव नाही. फक्त डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. जन्मापासूनच नाही. उजवा चांगला. शेजारच्यांना तर आठवण पण राहत नाही, इतकं तिनं ते अंगवळणी पाडून घेतलंय. पण स्थळं आली की आठवण राहते. दोन स्थळं आली, दोन्ही वेळा दावलसाबनं पहिल्या चहालाच सांगून टाकलं, आणि दोन्ही वेळा पाव्हणे चहा पिऊन उठले. दुसऱ्यांदा तर मुलाची मावशी जाता जाता म्हणाली, पोरं पण तशीच व्हायची. ते ऐकून मालनबी दोन दिवस जेवली नव्हती.

म्हणून तिसरं स्थळ आलं तेव्हा मालनबीनं नवऱ्याला चांगलं खडसावलं. स्थळ बागलकोटचं होतं, मुलगा इम्तियाज, मोटारी गुंडाळायचं दुकान, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या मोटारी जळतात ना, त्यांची तार बदलून देतो. आपल्यातलाच, नदाफांचाच, म्हणजे पिंजाऱ्यांचा. हाजराबी बांगडीवालीनं जमवत आणलं होतं. मालनबीनं हाजराबीला सांगितलं होतं, कानाचं काही बोलायचं नाही. आणि नवऱ्याला म्हणाली, तुम्ही दिवसभर परक्यांना थापा मारता, तसे एकदा घरासाठी गप्प बसा. निकाह होऊ दे, पोरगी एकदा नांदायला लागली की कुणाला कळतंय. आणि ह्या वेळी तुम्ही तोंड उघडलंत तर मी माझ्या भावाकडे जाईन, मग शिजवा तुमच्या हातानं.

दावलसाबनं मान हलवली. पण त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं, हे मालनबीनंच सांगितलं.

पाव्हणे पुढच्या रविवारी यायचे होते. पण मुलाची आजी रसूलबी, ती रविवारची वाट बघणारी बाई नव्हती. तिचं म्हणणं, पाव्हणे सांगून गेले की घरातली भांडीसुद्धा गोड बोलतात. म्हणून ती आपल्या मुलीला, नफीसाला, घेऊन बुधवारीच गाडीत बसली, कुणाला न सांगता. हाजराबीकडून रिक्षाचा नंबर तेवढा काढून घेतला होता. विजापूर स्टेशनावर उतरली, चाळीस रिक्षा सोडल्या, आणि नेमकी दावलसाबच्या रिक्षासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, गाव बघायचंय.

दावलसाबनं पाय बघितले. एक जोडी जुनी, सुजलेली, चप्पल बोटात कशीबशी अडकलेली. दुसरी जोडी नवी सॅंडल. त्यानं ठरवून टाकलं, लेकीला वर पाठवायचं, आईला खाली ठेवायचं. म्हणाला, "बसा अम्मा. तुमचे गुडघे मी रस्त्यावरच ठेवणार, वर नेणार नाही."

रसूलबीला हसू आलं म्हणे. पण तिनं ते दाबलं, कारण ती हसायला आली नव्हती.

गोल घुमटापाशी नफीसा आत गेली. रसूलबी रिक्षातच बसली, कडुलिंबाच्या सावलीत. दावलसाबनं तिला चुरमुऱ्यांचं गिरमीट आणून दिलं, वर मिरचीचं भजं. आणि सुरू झाला. सुलतानाला इतक्या राण्या होत्या की त्यांची नावं लक्षात ठेवायला एक कारकून होता, कारकून मेला त्या दिवशी सुलतान सगळ्यांना 'अहो' म्हणायला लागला. रसूलबी चुरमुरे चावत ऐकत होती. ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. मनात मात्र तिनं ठरवत आणलं होतं, की हा माणूस गोड आहे, पण ह्याच्या जिभेला हाड नाही. अशा घरची मुलगी आणायची म्हणजे तिच्याबद्दल जे सांगितलं त्यातलं किती धरायचं?

नफीसा दमून, घामेजून खाली आली. मग तोफ झाली, रुसलेली बायको झाली. नफीसा हसून हसून आईच्या अंगावर पडत होती. रसूलबी पदरानं बोटं पुसत होती.

तिथून रोज्याकडे, म्हणजे सुलतानाच्या मकबऱ्याकडे निघाले. त्या वाटेला, रस्त्यापासून आत, ज्वारीच्या रानात एक लहान घुमट आहे. पाटी नाही, कुंपण नाही. असे कितीतरी आहेत आमच्याकडे, कुणी कडबा ठेवतं, कुणी शेळ्या बांधतं. रसूलबीनं रिक्षा थांबवायला सांगितली.

विचारलं, हा कुणाचा?

दावलसाबला खरं म्हणजे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. पण पॅसेंजरनं विचारलं आणि दावलसाबनं माहीत नाही म्हटलं, असं आजवर झालं नव्हतं. त्यानं क्षणभर घुमटाकडे बघितलं आणि म्हणाला, ही राजपुत्राच्या दाईची कबर. तिनं त्याला अंगावर पाजला, मोठा केला, तो गादीवर बसला आणि तिला विसरला. ती ह्या रानात येऊन राहिली. रोज संध्याकाळी दूध काढून ठेवायची, कधीतरी येईल म्हणून. ती मेल्यावर त्याला आठवण आली, तेव्हा हा घुमट बांधला. अजून श्रावणात इथं दुधाचा वास येतो, अम्मा.

नफीसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

रसूलबी रिक्षातून उतरली. सुजलेल्या पायांनी हळूहळू घुमटाच्या तोंडापर्यंत गेली, भिंतीला हात लावून उभी राहिली. दावलसाब मागं मागं गेला, पडेल की काय म्हणून.

ती म्हणाली, "दुधाचा नाही, बेटा. कापसाचा वास येतो. माझा जन्म ह्यात झालाय."

दावलसाबनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

रसूलबीनं सांगितलं. तिचा बाप पिंजारी, आई पिंजारीण. ह्या घुमटात वारा शिरत नाही, कापूस उडत नाही, म्हणून इथं बिऱ्हाड मांडलेलं. तिथं कोपऱ्यात चूल, इथं मधोमध कापूस पिंजायची कमान टांगलेली. दिवसभर तिचा तुंय तुंय आवाज घुमायचा. ती आणि तिचे दोन भाऊ कापसाच्या ढिगात झोपायचे, सकाळी पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. तेरा वर्षांची झाल्यावर लग्न होऊन बागलकोटला गेली. दाईबिई कुणी नव्हती इथं.

दावलसाबनं मान खाली घातली. पण त्याचा स्वभाव बघा, लाज वाटत असतानासुद्धा विचारलंच त्यानं, की कमान नेमकी कुठं टांगायचे, कडीला का खुंटीला? आता तो पॅसेंजरना पिंजाऱ्याचीच गोष्ट सांगतो तिथं. फक्त दोन भावांचे सात केलेत त्यानं.

रसूलबीनं त्याला कमानीच्या नादाला लागू दिलं नाही. उंबऱ्याच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मी इम्तियाजची आजी. बागलकोटहून आलेय. सकाळपासून तुझं ऐकतेय. राणीचं खोटं ऐकलं, गोलंदाजाचं ऐकलं, माझ्या आईच्या घराचंसुद्धा ऐकलं. आता तुझ्या मुलीचं सांग. आणि जे सांगशील ते धरून मी हो नाहीतर नाही म्हणणार आहे."

दावलसाब उभा होता तो खाली बसला, मातीतच. नफीसा रिक्षाजवळ उभी, तिला काही कळेना काय चाललंय. समोर ज्वारी वाऱ्यानं सळसळत होती. मालनबीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला असणार. दोन दिवस न जेवलेली मालनबी. हाजराबीनं मुलीला मोत्यासारखी म्हटलेलं होतं, त्याला फक्त हो म्हणायचं होतं. एवढ्या थापा मारणाऱ्याला ही काय अवघड?

पण त्यानं सांगितलं.

म्हणाला, तबस्सुम सहा वर्षांची होती. सगळी दुनिया मी घुमटावर पाठवतो, आणि माझी मुलगी कधी वर गेली नव्हती. एके दिवशी नेली. वरच्या सज्ज्यात तिला एका बाजूला बसवलं, म्हटलं भिंतीला कान लाव. आणि मी पार समोरच्या बाजूला जाऊन भिंतीशी हळू बोललो. तिथं कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जातं, अम्मा, ह्यात माझं काही मिसळलेलं नाही. मी म्हटलं, तबस्सुम, जिलबी खाणार? तिनं कान भिंतीला लावलेला तसाच. थोड्या वेळानं ओरडली, अब्बा, बोला ना. मी परत बोललो. परत ती म्हणाली, बोला ना. मला वाटलं गर्दीचा आवाज आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताना नेली, चौकीदाराच्या पाया पडून. आम्ही दोघंच. परत तेच. मग तिचीच मान अवघडली म्हणून तिनं तोंड फिरवलं, दुसरा कान लावला, आणि खुदकन हसली. तिकडून म्हणाली, खाणार.

"तेव्हा मला कळलं," दावलसाब म्हणाला. "डावा कान नाही तिला. लोकांच्या पोरांचं डॉक्टर सांगतो, माझ्या पोरीचं घुमटानं सांगितलं. मला तुम्हाला हे सांगायचं नव्हतं. बायकोनं बजावलंय. पण मेलेल्यांबद्दल मी काय वाटेल ते बोलतो, ते कुठं नांदायला जाणार आहेत? तिला जायचंय."

रसूलबीनं पायानं चप्पल चाचपली. दावलसाबला वाटलं, झालं, हे पण गेलं. उठला, पॅंट झटकली, म्हणाला, चला अम्मा, तुम्हाला स्टेशनावर सोडतो, तीनची गाडी मिळेल.

रसूलबी जागची हलली नाही. विचारलं, उजव्यानं नीट ऐकते?

"नीट? मुंगी चालली तरी ऐकते."

रसूलबीनं असं बघितलं त्याच्याकडे, की दावलसाब दोन पावलं मागं सरला. म्हणाला, "नाही, मुंगी नाही. पण दारावर कुणी आलं तर ऐकते. हाक मारली की एका हाकेत येते, उजवीकडून मारली तर."

"हं," रसूलबी म्हणाली. हात पुढं केला, त्याच्या खांद्याला धरून उठली. "चल घरी."

तो म्हणाला, बागलकोटला?

"तुझ्या घरी रे, येड्या. मुलगी बघायला नको का?"

रोजा राहिलाच बघायचा. दावलसाबनं रिक्षा अशी पिटाळली की नफीसा दोन्ही हातांनी दांडा धरून बसली होती, आणि सगळ्या वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. ज्यानं त्याला त्या दिवशी रस्त्यात बघितलं त्याला वाटलं, ह्याच्या घरात कुणी गेलं की काय.

घरी मालनबी चुलीपुढं, केस सुटलेले, भाकरी थापत होती. अंगणात गाद्या उन्हात पसरलेल्या. दावलसाबनं दारातून सांगितलं, बागलकोटच्या पाव्हण्या आल्यात. ती पिठाचे हात घेऊन तशीच उठली, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं की ह्यानं तोंड उघडलंय. पदर सावरता सावरता ती त्याला डोळ्यांनी खुणावत राहिली, अजून काही सावरता येतंय का म्हणून.

रसूलबीनं ते बघितलं. म्हणाली, डोळे दुखतील, बाई. त्यानं सगळं सांगून टाकलंय. सकाळपासून एवढंच एक खरं बोललाय, त्याच्यासाठी त्याला ओरडू नकोस.

मालनबी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. नफीसानंच मग तव्यावरची भाकरी उलटली, नाहीतर जळाली असती.

तबस्सुम शिवणाच्या मशीनवर होती. आवाज ऐकून उठली, ओढणी डोक्यावर घेतली, सलाम केला आणि दाराशी उभी राहिली. रसूलबीनं तिला जवळ बोलावलं, सतरंजीवर बसवलं. मग स्वतः गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत उठली, पोरीच्या मागून फिरून उजव्या बाजूला येऊन बसली, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. मालनबीला ऐकू आलं नाही, नफीसाला नाही, दारात उभ्या दावलसाबला तर नाहीच.

तबस्सुम खुदकन हसली आणि म्हणाली, "हो."