तमिळमध्ये काढलेली चूक

पीएच.डी.नंतरच्या पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षी मी सुट्टीला कुंभकोणमला घरी आले होते. त्या सकाळी माझ्या गाइडचा मेल आला. दूरच्या ग्रहांच्या खडकांतलं लोहाचं प्रमाण मी चुकीचं धरलं होतं. तिथं भूपट्ट, म्हणजे कवचाचे मोठे तुकडे, सरकतील की नाही, याचं माझं सगळं गणित वाया गेलं होतं.

संध्याकाळी अप्पांचे जुने सहकारी कॉफीला आले. अप्पा, माझे वडील, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. माझं संशोधन ते त्यांना तमिळमध्ये मोठ्या अभिमानानं समजावत होते. "पृथ्वीचे भूपट्ट खालच्या लाव्ह्यावर तरंगतात," ते म्हणाले.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले तंजावरी मराठी, घरात मराठीच बोलतो. मराठीत हळूच सांगितलं असतं, तर पाहुण्यांना कळलंही नसतं. मी मुद्दाम तमिळमध्ये म्हणाले, "खाली लाव्हा नसतो, घन खडक असतो. आयुष्यभर पोरांना हेच चुकीचं शिकवलंत?"

अप्पा कसनुसं हसले आणि मला मराठीत म्हणाले, "असेल. मी जुनं शिकलेला."

मला बरं वाटलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी माझा पेपर छापून आला. मी फोनवर सांगितलं. "बरं झालं," अप्पा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.