चुन्याच्या रेघेपर्यंत पाणी

आमच्या फोंत सेका गावात पाणी बाईने आणायचं आणि पुरुषाने प्यायचं. हा नियम कोणी घातला ठाऊक नाही, पण मोडलेला कोणी पाहिला नव्हता. आमच्याकडचा पुरुष गव्हाची पोती उचलेल, बुचाच्या झाडाची साल पाठीवर लादेल, माजलेलं डुक्कर उचलून गाडीत टाकेल. पण चुंबळ ठेवून डोक्यावर घागर घेतली, तर मरेपर्यंत त्याला गुत्त्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणून कुस्तोदियाने दुधाचे दात पडायच्या वयात घागर उचलली. सांडलेल्या प्रत्येक ओंजळीला आईची चापट ठरलेली असायची.

गावाच्या नावाचा अर्थच मुळी कोरडा झरा. ज्याने ठेवलं तो निदान खोटं बोलला नाही. टेकडीखालून ग्वादियाना वाहायची, पण तिचं वागणं सावत्र आईसारखं. उन्हाळ्यात नुसती डबकी मागे ठेवायची आणि पोरं टोपलीने मासे काढायची. हिवाळ्यात तीच नदी मेंढ्या, गिरण्या, पूल, जे हाती लागेल ते घेऊन समुद्राकडे पळत सुटायची. पाणी यायचं, पण थांबायचं नाही, आणि आमचा सगळा अलेंतेजू प्रांत त्या पळून जाणाऱ्या पाण्याकडे बघत बसायचा.

या नदीला अल्केवाजवळ अडवायचं, हिवाळ्याचं पाणी उन्हाळ्यासाठी राखायचं, शेतं भिजवायची, वीज काढायची, हे लिस्बनमध्ये ठरलं तेव्हा कुस्तोदिया शाळेत होती. ठरलं म्हणजे कागदावर. तिचं शिक्षण संपलं, देओदातूशी लग्न झालं, मुलगी झाली, क्रांती होऊन जुनं सरकारसुद्धा गेलं, आणि मग कुठे मोजणीवाले टेकडीवर आले. समुद्रसपाटीपासून एकशे बावन्न मीटरवर त्यांनी उताराला लाकडी खुंट्या ठोकल्या. तिच्या घराच्या जराशा खाली, अंजिराच्या झाडाजवळून, ही खुंट्यांची रांग गेली. त्यांच्यातल्या एकाने तिच्या ओट्यावर बसून लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात बुडवलेला पाव खाल्ला आणि जाता जाता सांगितलं, "बाई, पाणी इथपर्यंत येणार. मग खिडकीतून गळ टाकून मासे धरा."

तो माणूस हे किती गावांत बोलला असेल कोण जाणे. कुस्तोदियाने मात्र ते मनावर घेतलं.

देओदातू धरणाच्या कामावर लागला. रविवारी ती जेवण घेऊन तिकडे गेली, तर डोंगरात एवढा मोठा खड्डा की खालची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. ती बघतच राहिली. पण दोन वर्षं झाली नाहीत तोच काम बंद पडलं. पैसा नाही, मर्जी नाही, कोणी म्हणे गरजच नाही. यंत्रं गेली, माणसं घरी आली. त्याच आठवड्यात देओदातूच्या चुलतभावाने लिस्बनजवळ बारेरूच्या कारखान्यात त्याची जागा पक्की केली. सोबत दोन खोल्यांचं बिऱ्हाड. आणि स्वयंपाकघरात नळ.

नळ म्हटल्यावर गावातल्या बायका कुस्तोदियाकडे अशा बघायला लागल्या, जणू तिला राजवाडा मिळाला होता.

"जायचं नाही," कुस्तोदिया म्हणाली.

"अगं, नळ आहे! वळवला की पाणी."

"आपल्याकडे अख्खा समुद्र येणार आहे आणि तू नळाचं काय घेऊन बसलायस? एवढा मोठा खड्डा कोणी उगाच खणतं का?"

देओदातू मवाळ माणूस. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली आणि बारेरूला नाही म्हणून कळवलं. बायकोच्या एका शब्दावर त्याने हातची नोकरी सोडली. हे ओझं कुस्तोदियाच्या डोक्यावर त्या दिवशी चढलं आणि ते घागरीहून जड होतं. पाणी आलं नाही, तर एका भल्या माणसाचं आयुष्य तिने फुकट घालवलं असं होणार होतं. दुसऱ्या कोणाला दोष द्यायची सोय नव्हती.

खुंट्या मेंढपाळांनी दोन हिवाळ्यांत शेकोटीला जाळल्या. सरकारचं लाकूड म्हणून ते जास्तच चवीने जाळलं असावं. कुस्तोदियाने मग प्रत्येक खुंटीच्या भोकावर एक धोंडा ठेवला. ईस्टरच्या आधी आमच्या बायका घरं चुन्याने पांढरीशुभ्र करतात, भिंतीच्या पायथ्याला निळा पट्टा ओढतात. त्यात कुचराई केली तर शेजारीण वर्षभर बोलते. घर झालं की कुस्तोदिया उरलेला चुना घेऊन उतारावर जायची आणि एकेका धोंड्याला कुंचला मारायची. लांबून टेकडीवर पांढरी रेघ दिसायची. खाली नदी डबक्यात पडलेली, वर ही बाई तिची हद्द रंगवतेय.

गावाला आयतं खाद्य मिळालं. टेकडीच्या त्या अंगाला लोक "कुस्तोदियाचा समुद्र" म्हणू लागले. उधारी कधी देणार, तर समुद्र भरेल तेव्हा. पोरगी लग्नाला कधी हो म्हणणार, तर समुद्र भरेल तेव्हा. यात सगळ्यांत पुढे देओदातूचा धाकटा भाऊ ब्राश. त्याचा गुत्ता होता, मोठमोठ्या मातीच्या रांजणांत वाईन आणि त्याहून मोठी त्याची जीभ.

"काय वहिनी, आज भरती की ओहोटी?"

"भावोजी, तुमच्या वाईनीत पाणी असतं ना, तेवढं ओतलं तरी धरण भरेल."

एका वर्षी एन्त्रुदोच्या दिवसांत कहर झाला. उपवासाचे दिवस लागण्याआधीच्या या सणात आमच्याकडे कोणाची गाडी छपरावर चढते, कोणाच्या कुंड्या विहिरीवर जाऊन बसतात, आणि रागवायचं नाही असा दंडक आहे. सकाळी कुस्तोदियाने दार उघडलं तर सगळे पांढरे धोंडे चालत वर आलेले, थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत. मोठा धोंडा दाराला टेकलेला आणि त्यावर ब्राशच्या गुत्त्यातली मासे तळायची कढई.

"वहिनी, पूर आला!" वरच्या गल्लीतून ब्राश ओरडला, आणि मागे निम्मं गाव हसत उभं.

ती रागावली नाही, दंडक होता. पण खुंट्यांची भोकं केव्हाच बुजली होती आणि रेघ कुठून जात होती हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. ती उतारावर गेली आणि खाली वाकून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. इतक्या वर्षांचा चुना धोंड्यांवरून ओघळून काळ्या पाटीच्या दगडावर साचला होता. जिथे जिथे धोंडा होता, तिथे तिथे पांढरं कडं उमटलेलं. तिने आणि देओदातूने मिळून एकेक धोंडा आपल्या कड्यात नेऊन बसवला. फक्त अंजिराखालचा मोठा धोंडा राहिला. तिथली माती डुकरांनी उकरलेली, कडं नाहीच. तो तिने डोळ्यांच्या अंदाजाने ठेवला.

"वहिनी," ब्राश सगळ्यांसमोर म्हणाला, "या अंजिराखालच्या धोंड्याला ज्या दिवशी नदीचं पाणी लागेल ना, त्या दिवशी मी लग्नाचा सूट घालून आत उतरतो."

"टोपीसकट?"

"टोपीसकट!"

नंतर दुष्काळ आला. आमच्याकडे दुष्काळ पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यासारखा राहतो. झरा आटला, आठवड्यातून एकदा टँकर यायचा, बायका रांगेत भांडायच्या. मुलगीही तोवर सेतुबाल शहरात निघून गेली होती. एका दुपारी घागर घेऊन येताना कुस्तोदियाचा पाय उंबऱ्याला अडखळला आणि अर्धी घागर ओट्यावर सांडली. तापलेल्या दगडाने ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. तेव्हा देओदातू तिला पहिल्यांदा आणि शेवटचं टोचून बोलला.

"बारेरूला नळ होता!" तो ओरडला. "तुझ्या शब्दावर राहिलो मी. काय मिळालं? सांडलेलं पाणी बघायला मिळालं!"

ईस्टरला तिने घर रंगवलं, आणि उरलेला चुना घेऊन उतारावर गेली खरी, पण त्या वर्षी पहिल्याच धोंड्याशी कुंचला हातात धरून ती बसून राहिली. देओदातू ओट्यावरून बघत होता. थोड्या वेळाने तो उठला, खाली आला आणि तिच्या हातातली बादली घेतली. त्यानंतर दरवर्षी बादली तोच धरायचा.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा गुत्त्यात कोणी विश्वास ठेवला नाही. भिंत वर चढायला लागली तेव्हा लोक म्हणाले, अर्ध्यात सोडतील. शेवटी दारं लावली, नदी थांबली. लूश गाव पाण्याखाली जाणार म्हणून सरकारने थोडं वर नवं गाव बांधलं, कबरीसुद्धा उचलून नेल्या. इनासिया मावशीचं घर तिथलंच. कुस्तोदिया तिला भेटायला गेली. मावशी नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिने नळ सोडला, धार बघितली आणि म्हणाली, "तू जिंकलीस गं पोरी. मी पण जिंकले म्हणतात. पण माझी चूल खाली राहिली." कुस्तोदिया तिचा हात धरून रडली. तिला लाज वाटली, आणि तरीही पाणी यावं असंच वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

पाणी चढायला बरीच वर्षं लागली. मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि तळं खाली जाऊन बसलं. ब्राश जोरात आला. "ओहोटी, वहिनी, ओहोटी!" मग तो हिवाळा उजाडला, ज्यात नाताळपासून पाऊस हटेचना. जानेवारीत पाणी दरीतून वर आलं, ऑलिव्हच्या मुळांशी आलं, आणि एका शनिवारी रेडिओने सांगितलं की अल्केवाचं धरण भरलं. एकशे बावन्न.

गाव झाडून सगळं उतारावर जमलं. चर्चमध्ये एवढी माणसं कधी दिसत नाहीत. पाणी लांबपर्यंत पसरलं होतं, पलीकडच्या टेकड्यांची बेटं झाली होती. आणि कुस्तोदियाच्या रेघेचा एकेक धोंडा पाण्यात पाय टाकून बसला होता. बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. म्हातारा पाद्रीसुद्धा गप्प होता, हे विशेष.

फक्त अंजिराखालचा मोठा धोंडा कोरडा. पाणी त्याच्यापासून वीतभर खाली येऊन थांबलेलं.

ब्राशने वाकून बघितलं, बोट लावून बघितलं, आणि दोन्ही हात वर केले. "कोरडा! ठणठणीत कोरडा! सूट कपाटातच राहणार!"

"अरे, बाकीचे सगळे भिजलेत," देओदातू म्हणाला.

"पैज या धोंड्याची होती, दादा. धरण भरलं, आता पाणी वर येणार नाही. रेडिओने सांगितलंय."

हे खरं होतं. कुस्तोदिया धोंड्याशेजारी उभी होती. आपणच अंदाजाने ठेवलेला धोंडा, आणि ज्याने हलवला तोच आता नाचतोय! तिचा असा संताप झाला की धोंडा लाथेने पाण्यात लोटावा. पण ती लबाडी झाली असती, आणि इतकी वर्षं तिने रेघ इमानाने राखली होती.

दुपार कलली तसा दक्षिणेकडून वारा सुटला. आमच्याकडे वारा नेहमीचाच. तो धूळ उडवतो, छपराची कौलं हलवतो. पण आज त्याला पहिल्यांदाच खेळायला पाणी मिळालं. लांब मधोमध पाण्याला सुरकुत्या पडल्या, मग त्यांच्या ओळी झाल्या, आणि त्या ओळी सरळ टेकडीकडे चालत येऊ लागल्या. गावाने आजवर पाणी घागरीत, बादलीत, डबक्यात, नाहीतर पुरात पळून जाताना पाहिलेलं. पाण्याला लाट असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं; ना ब्राशच्या, ना कुस्तोदियाच्या.

पहिली लाट अंजिराच्या मुळाशी फुटली. दुसरी धोंड्याच्या पायाशी. तिसरी आली ती धोंड्यावरून गेली, आणि कुस्तोदियाची चप्पल, ब्राशचे बूट आणि पाद्र्याच्या झग्याची कड भिजवून परत गेली.

मग जो गलका झाला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात.

"सूट!" बायका ओरडल्या. "भावोजी, सूट!" कुस्तोदिया सगळ्यांत मोठ्याने ओरडली. तिचे गाल ओले होते आणि तिला पुसायचं सुचत नव्हतं.

ब्राश शब्दाचा पक्का निघाला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. सूट पोटावर बंद होईना, बायकोने दोरीने बांधला. टोपी डोक्यावर. तो थंडगार पाण्यात छातीपर्यंत चालत गेला आणि तिथून दात वाजवत ओरडला, "वहिनी, भरती!" काठावर पुरुषांनी एकमेकांच्या दंडात हात घातले आणि आमचं ते संथ गाणं सुरू केलं, ज्याला संपायची कधीच घाई नसते.

कुस्तोदियाने ओट्यावर चढून देओदातूला शोधलं. तो गाणाऱ्यांत नव्हता. मग तिला तो दिसला. घरातली जुनी घागर त्याने पाण्यात बुडवून भरली होती, आपल्या मफलरची वेडीवाकडी चुंबळ करून डोक्यावर ठेवली होती, आणि दोन्ही हातांनी घागर धरून सगळ्या गावादेखत तो उतार चढत होता. गाणं मध्येच अडखळलं. कोणीतरी शिट्टी मारली. "काय गं देओदाता, झऱ्यावर चाललीस का?" आणि हशा पिकला. तो थांबला नाही. घागर डुचमळत होती, पाणी कानांवरून, कॉलरमध्ये, पाठीवरून वाहत होतं, आणि म्हातारा पाय जपून टाकत सरळ तिच्याकडे येत होता.

ओट्याशी येऊन त्याने घागर खाली ठेवली. त्याला धाप लागली होती.

"पी," तो म्हणाला.

तिने ओंजळ भरून घेतली. पाणी गढूळ होतं, मातीची चव होती. ती प्यायली. मग तिने घागरीत डोकावून बघितलं.

"अर्धी सांडलीस की रे, माणसा."

"सांडू दे," देओदातू म्हणाला. "खाली भरपूर आहे."