मधलं दार

आमच्या शेजारची विणकर बाई मागावरच्या सुताच्या कांड्या भरता भरता भांडायची. भांडण नेहमी आमच्या मधल्या भिंतीवरून. ती भिंत आम्ही तिच्या अंगणात वीतभर सरकवली, असं तिचं म्हणणं. वैनगंगेच्या पुरात भिंत पडली. घरातला गाळ उपसून झाल्यावर मी गवंडी बोलावला, तशी ती पदर खोचून आली.

“होती तिथंच बांध,” ती गवंड्याला म्हणाली, “पण मधात दार ठेव.”

“काहून?” मी विचारलं.

“पाणी चढून राहिलं होतं, तवा तुले किती हाका मारल्या वं. भिंतीपायी तुले आयकूच आल्या नाई. मले वाटलं, तू गेली.”

एवढं बोलून ती कांड्या भरायला निघून गेली.

“दार केवढं ठेवू?” गवंड्यानं विचारलं.

“दोघींना एकदम निघता येईल एवढं,” मी म्हटलं.