मराठी शाळेची फी

सरकारी कॉलेज स्वस्त असतं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

माझा जन्म हैदराबादचा, घर बरकतपुऱ्यात. वर्षावासात आमच्या विहारात रोज ग्रंथवाचन व्हायचं, आणि मराठी धड वाचू शकणारे म्हातारे एकेक करून कमी होत चालले होते. आम्ही पोरं मराठी बोलायचो, पण पुस्तक उघडलं की अडखळायचो. बाबांना ते फार लागायचं. म्हणून सातवीनंतर त्यांनी मला नांदेडला आत्याकडे ठेवून मराठी शाळेत घातलं. मी बारावी करून परतले आणि भर विहारात एका दमात वाचलं, तेव्हा बाबांची कॉलर ताठ झाली होती.

त्याच पावसाळ्यात आम्ही सरकारी कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलो. क्लार्कनं माझे शाळेचे दाखले उलटूनपालटून पाहिले. पोरगी इथलीच आहे, जन्माचा दाखलाही आणलाय, असं बाबा त्याला परत परत सांगत होते. तो शांतपणे म्हणाला, "पैदा कां हुई, वो नक्को बोलो साब. पढ़ी कां, वोच देखते."

जन्म इथला असला तरी शेवटची वर्षं महाराष्ट्रात शिकले, म्हणून मी बाहेरची ठरले. बाहेरच्यांच्या मोजक्या जागांतली एक मिळाली खरी, पण फीमाफी आणि शिष्यवृत्ती फक्त इथल्यांना. त्यात माझ्या कोर्सला सरकारी अनुदान नव्हतं; कॉलेज तो स्वतःच्या खर्चानं चालवायचं, म्हणजे आमच्याच. वर लॅब, परीक्षा, बसपास. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

बाबा एका ऑफिसात कंत्राटी शिपाई होते. त्यांच्या पगारात हे बसणारं नव्हतं. माझी थोरली बहीण तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. ती इथंच शिकलेली, तिला सगळं माफ. तरी तिनंच कॉलेज सोडलं आणि सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात उभी राहिली. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, म्हणाली. मी पदवी घेतली, नोकरीला लागले. ताई अजून तिथंच साड्यांच्या घड्या घालते. मला संताप येतो, आणि तो ज्याच्यावर काढावा असं माणूस सापडत नाही.

परवा मी ताईच्या मुलीसाठी नांदेडहून अंकलिपी आणली. तिला मांडीवर घेऊन 'अ' गिरवायला लावलं. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं.

"हिला नको," ते म्हणाले. "हिला इथलीच राहू दे."