बानं खाल्लेला केक

दिघीच्या धक्क्यावरून बाची होडी सुटली आणि मी असा गळा काढला, जणू मला काळ्या पाण्यावरच नेत होते. समोर आगरदांडा दिसत होता. तिथल्या माणसाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा दिसत होती. खाडी ओलांडायची आणि पुढे बैलगाडीनं मुरूडला जायचं, एवढंच माझं परदेशगमन! सुकाणू धरलेला बा म्हणाला, "बाय, रडं थोडं राखून ठेव. सासूसमोर लागंल."

दिघीत राहिलेल्या आणि दुबईला गेलेल्या नातवंडांनो, तुम्ही सगळेच विचारता, आजी, तुला घर आठवतं का? आठवतं की. पण घर म्हटलं की मला आधी केकचं दुकान दिसतं.

मुरूड तेव्हा नवाबाचं. माझा नवरा बंदरावर कारकून. मी महिन्याभरात चपला घालायला शिकले, 'गुड मॉर्निंग' म्हणायला शिकले. ते म्हणायचं कुणाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून शेजारच्या बोकडाला म्हणायची.

आमच्यात लेकीला पोर होईपर्यंत बाप तिच्या घरचं खात नसे. बा यायचा तो भाकरी फडक्यात बांधून. ओट्यावर बसून सुक्या बोंबलाशी खायचा, पाणीही बरोबर आणलेलंच प्यायचा. पहिली दोन वर्षं आळीला त्याचं कौतुक. पाचव्या वर्षी त्यानं फडकं सोडलं की समोरच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "अजून भाकरीच का गं?" मला धरणीत गडप व्हावंसं वाटायचं. बाप आल्याचा आनंद व्हायच्या आत डोळे फडक्याकडे जायचे.

मग माझी अक्कल धावली. बाजारात दाऊदचाचाचं केकचं दुकान होतं. आगबोटीवर गोऱ्यांसाठी केक भाजता भाजता चाचा म्हातारा झालेला. बा येणार त्या सकाळी मी चाचाला आधीच पैसे देऊन आले. "माझ्या बाला म्हणा, नवा माल आहे, चाखून बघा." दुकान म्हणजे काही माझं घर नव्हे! केवढी मोठी वकिलीणबाई मी! बा आला तशी त्याला घेऊन मी बाजारात गेले.

"या नाखवा, चाखा जरा. चाखायला काय पैसे पडत न्हाईत," चाचानं चोख काम केलं.

बानं लोण्याच्या केकचा तुकडा मासळीसारखा हुंगून पाहिला. "ही कसली भाकर? दाताला लागतच न्हाय." मग मनुकांचा खाल्ला, मग खोबऱ्याचा. मिशीत कण अडकले. मी पदराआड हसत होते.

पण बा फुकटचं पचवणारा नव्हता. त्यानं टोपलीतून दोन ताजी पापलेटं काढली आणि केकच्या काचेवर ठेवली. "चाचा, ही तुला."

दाऊदचाचा घाबरला. "नाखवा, ही मी कशी घेऊ? पैसे तुमच्या लेकीनं दिलेत."

बाचा हात मिशीवरच राहिला. मी फरशीकडे बघत राहिले.

"असं का गो केलंस?"

"तू भाकरी सोडलीस की सगळ्या आळीला कळतं," मी कसंबसं बोलले. "मला अजून पोर न्हाय ते."

हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. वाऱ्यापावसाला न भ्यालेला माझा बा कानापर्यंत लाल झाला. "मी आपली रीत पाळत व्हतो. तुला टोचत आसंल ह्ये म्हाईत न्हवतं गो." मग उठला. "घरी काय रांधलंस?"

"मांदेलीचं कालवण."

"मंग चल. नातू यायचा तवा यील. लेक तर आलेली हाय."

तो ओट्यावरच बसला, सगळ्यांना दिसेल असा. मी ताट वाढलं. घाईत अर्धं कालवण जमिनीला. बानं पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि समोरच्या खिडकीकडे बघून ओरडला, "वयनी, जरा मीठ द्या! माझ्या लेकीनं कालवण आळणी केलंय!"

काकू मीठ घेऊन आल्या. पुन्हा माझी मान खाली. पण ही लाज कालवणाची होती, सासुरवाशिणीला शोभेलशी साधीसुधी. तिच्यासाठी मी पाच वर्षं झुरले होते.

पोरं पुढे झाली, तुमच्यासारखी वात्रट नातवंडंही झाली. पण मुरूड माझं घर झालं ते लग्नानं नाही, पोरांनीही नाही. बानं माझ्या ताटातल्या जेवणाला नावं ठेवली आणि तरी तीनदा मागून घेतलं, तेव्हा झालं.