विहिरीची वाट

सरकारी बँकेतले ते कर्जाचे साहेब दर वाक्यामागे "बरं का" म्हणायचे आणि कागद वाचताना चष्मा कपाळावर चढवायचे. निर्मळ गावातलं जुनं घर घेण्यासाठी मी त्यांच्याकडे बऱ्याच खेपा घातल्या. शेवटी ते घर बघायला आले.

प्रत्येक भिंतीवर टिचकी मारून ते कान लावत होते.

"काय म्हणतेय भिंत?" मी विचारलं.

"पोपडे काढा म्हणतेय, बरं का."

मग ते परसात गेले. त्या घराच्या विहिरीवर शेजारच्या काकींकडचे पूर्वापार पाणी भरत. परसातून दुसऱ्याची वाट असली की कर्ज अडतं, असं मी ऐकलं होतं. म्हणून सकाळीच येऊन मी कुंपणाच्या फटीवर नारळाच्या झावळ्या रचल्या होत्या.

तेवढ्यात पलीकडून काकींचा आवाज आला, "अरे, मी पान्याला येऊ कुठून?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक झावळी ओढून बाजूला केली. "या काकी, सांभाळून." काकी कळशी घेऊन आत आल्या. साहेबांनी तिथंच उभ्यानं वाट कागदावर लिहिली.

"सही करा. लिहिल्यानं कर्ज अडत नाही, लपवल्यानं अडतं, बरं का."

घर झालं. सुखात आहोत. काकी अजून पाण्याला येतात. झावळ्या वाऱ्यानं पडल्या होत्या असं त्या समजतात, आणि इतकी वर्षं मी त्यांना तसंच समजू दिलं.